निजलेली गाडी आणि जागता प्रवाह

वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांतून दिवस सूर्याबरोबर उगवत नाहीं; मध्यरात्र उलटली कीं तो सुरू होतो. तोडलेलीं फुलें पहांटेच्या आंत दादरच्या बाजारांत पोंचलीं, तरच त्यांना भाव. उन्हें वर आल्यावर त्याच मोगऱ्याला कोणी विचारीत नाहीं. १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे आगगाडी सुरू झाली, आणि या किनाऱ्यावरील वाडीचा व मुंबईच्या बाजाराचा संबंध घड्याळाच्या कांट्याशीं बांधला गेला. आजहि पहांटेच्या गाडीच्या डब्यांत टोपल्या दिसतात. परंतु ज्यांच्याजवळ थोडें भांडवल आहे, असे कांहीं वाडीवाले आतां स्वतःची लहान व्हॅन बाळगतात आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून वसईची खाडी ओलांडून मुंबई गांठतात. अशा घरांत गाडी चालू होणें ही केवळ सोयीची गोष्ट नसते. तो त्या दिवसाच्या मिळकतीचा प्रश्न असतो.

अशा एका वाडीवाल्याचें उदाहरण समजण्याच्या सोयीसाठीं कल्पावें. त्याची व्हॅन पेट्रोलवर चालणारी. पेट्रोलचा खर्च परवडेना, म्हणून एप्रिल महिन्यांत त्यानें गाडीला सी.एन.जी.चें, म्हणजे दाबाखालीं सांठविलेल्या नैसर्गिक वायूचें, किट बसवून घेतलें. मे आणि जून हे दोन महिने गाडी निर्वेध चालली. खर्च कमी झाला. घरांत समाधान होतें. जुलैमध्यें झड लागली. वसई आणि नालासोपारा भागांत अशी झड म्हणजे काय हें सांगावयास नको. जुलै २०१८ मध्यें येथील रेल्वेमार्गच पाण्याखालीं गेला होता. आपल्या या वाडीवाल्याची व्हॅन त्या झडींत तीन दिवस अंगणांत उभी राहिली. चौथ्या दिवशीं पहांटे तीन वाजतां त्यानें चावी फिरविली. सेल्फनें एकदां ‘टक्’ केलें, आणि पुढें कांहींच झालें नाहीं. शेजारच्या टेम्पोच्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू होईपर्यंत उजाडलें होतें. टोपल्या तशाच परत उतरल्या.

त्यानें त्याच दिवशीं नवी बॅटरी घेतली. जुनी दुकानदारास देऊन किंमतींत थोडी सूट मिळाली. पंधरवडा बरा गेला. मग घरांत आजारपण निघालें आणि गाडी पुन्हां तीन दिवस हलली नाहीं. तिसऱ्या रात्रीं आईचा दम वाढला. तिला दवाखान्यांत नेण्यासाठीं मुलानें चावी फिरविली, आणि पुन्हां तेंच ‘टक्’. शेजारचा रिक्षावाला जागा होता म्हणून वेळ निभावली. त्या रात्रीनंतर गाडीची बॅटरी कां उतरते, हा प्रश्न त्या घरापुरता यंत्रशास्त्राचा राहिला नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची एक रीत आहे. ती समजली, तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. आणि ती समजण्यासाठीं अभियंताच असावें लागतें असें नाहीं. मात्र तिच्याकडे जाण्यापूर्वीं बॅटरी काय करते, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

मोटारींतील शिशाची बॅटरी ही फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्ता गास्ताँ प्लाँते यानें १८५९ सालीं शोधून काढलेल्या घटाची वंशज आहे. शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साईडच्या पट्ट्या पातळ केलेल्या गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. प्रवाह बाहेर जातो तेव्हां दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. प्रवाह उलट दिशेनें आंत घातला कीं तें सल्फेट पुन्हां विरघळतें. असे सहा घट एकापुढें एक जोडले म्हणजे बारा व्होल्टांची बॅटरी होते. प्रारंभीं मोटारींत तिला आजच्याइतकें महत्त्व नव्हतें, कारण इंजिन हातानें हँडल मारून सुरू करीत. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो आला. तेव्हांपासून हँडल गेलें आणि मोटारीचा पहिला श्वास बॅटरीच्या हातीं गेला. त्या पहिल्या एकदोन सेकंदांत सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. इंजिन एकदां सुरू झालें, कीं अल्टरनेटर सर्व भार उचलतो आणि बॅटरीची तूटहि भरून काढतो.

तात्पर्य, बॅटरी ही घरांतील पाण्याच्या टांकीप्रमाणें आहे. टांकी रिकामी मिळाली, तर त्याचीं कारणें तीनच असूं शकतात. टांकीच फुटकी आहे. वरून पाणी पुरेसें येत नाहीं. किंवा कोठें तरी नळ गळतो आहे. बॅटरीच्या भाषेंत सांगावयाचें तर, बॅटरी स्वतः निकामी आहे, चार्जिंग होत नाहीं, अथवा गाडी बंद असतांना कोणी तरी प्रवाह खातो आहे. वाडीवाल्यानें पहिलें कारण गृहीत धरून टांकी बदलली. नव्या भरलेल्या टांकीनें पंधरा दिवस गळती झांकून ठेवली, आणि उपाय लागू पडला असा भास झाला. नवी बॅटरी हा उपचार असूं शकतो. ती परीक्षा मात्र नव्हे.

शेवटीं तो एका अनुभवी मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनें बॅटरी आठ-दहा तास मंद गतीनें चार्ज केली, रात्रभर गाडीपासून सुटी ठेवली आणि सकाळीं दाब मोजला. विश्रांति घेतलेली पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२·६ ते १२·७ व्होल्ट दाखविते; १२·२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते; आणि ११·९ च्या खालीं ती जवळजवळ रिकामी समजावी. ही बॅटरी सकाळीं १२·६ वर होती, आणि सेल्फचा भार टाकून पाहिला तरी ती कोसळली नाहीं. म्हणजे टांकी शाबूत होती. मग इंजिन चालू करून मोजलें, तों दाब १४ व्होल्टांच्या किंचित् वर. म्हणजे वरून पाणीहि नीट येत होतें. मिस्त्री म्हणाला, “काका, बॅटरीचा दोष नाहीं. गाडी बंद असतांना कोणी तरी करंट खातें आहे. खाणारा सांपडल्याशिवाय दुसरी बॅटरी घेऊं नका.”

आतां हा खाणारा कोण, हें समजण्यासाठीं गाडींत केलेल्या बदलाकडे वळलें पाहिजे. पूर्वींच्या मोटारींत कार्ब्युरेटर असे. पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण तो यांत्रिक रीतीनें करी. पुढें तें काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेलें. ठिणगी आणि इंधन या दोहोंचें नियमन एकाच पेटीनें करणारी बॉश कंपनीची मोट्रॉनिक पद्धति १९७९ सालीं बी.एम.डब्ल्यू.च्या मोटारींत आली. भारतांत २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटर निघून गेला. आतां इंजिनाचा हा मेंदू प्रत्येक क्षणीं हवा, उष्णता आणि गति यांचे संकेत वाचतो आणि प्रत्येक इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडावयाचा हें ठरवितो.

सी.एन.जी.चें आधुनिक किट बसवितांना या मेंदूच्या जोडीला दुसरा मेंदू येतो. पेट्रोलच्या इंजेक्टरांकडे जाणारे हुकूम तो मध्येंच अडवितो, त्यांची मुदत वायूला योग्य अशी बदलतो आणि वायूच्या इंजेक्टरांना देतो. पहिल्या मेंदूची समजूत राहते, कीं आपण नेहमींप्रमाणें पेट्रोलच देत आहों. यासाठीं कारखान्यांत बांधलेल्या तारांच्या जुडग्यांत अनेक ठिकाणीं नव्या तारा जोडाव्या लागतात. त्यांपैकीं दोन तारा या गोष्टींत महत्त्वाच्या आहेत. एक जाड तार थेट बॅटरीच्या धन टर्मिनलपासून स्वतंत्र फ्यूजमधून किटाकडे जाते. ती सदैव जिवंत असते. दुसरी बारीक तार किटाला केवळ एवढेंच सांगते, कीं चावी चालू आहे. ती जिवंत झाली कीं किटानें जागें व्हावें; ती मृत झाली कीं निजावें. पहिली तार अन्न देते. दुसरी उठण्याची आणि निजण्याची वेळ सांगते.

गाडी बंद केली म्हणजे तींतील सर्व वीज बंद होते, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नाहीं. घड्याळ, रेडिओची स्मरणशक्ति, दारांच्या कुलुपांची यंत्रणा आणि इंजिनाचा मेंदू हीं सर्व थोडा थोडा प्रवाह घेतच राहतात. साधारण गाडींत हा प्रवाह ५० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अँपिअरच्या विसाव्या भागापर्यंत, असला तर काळजीचें कारण नसतें. त्या हिशेबानें दिवसाला १·२ अँपिअर-तास खर्च होतो, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीलाहि सहज पुरते. प्रश्न येतो तो हा प्रवाह कित्येक पट झाला म्हणजे.

तो मोजण्यासाठीं मिस्त्रीनें बॅटरीची ऋण तार सोडली आणि टर्मिनल व तार यांच्यामध्यें अँपिअर मोजणारा मीटर जोडला. ऋणच तार सोडण्यास कारण आहे. सबंध गाडीचें धड ऋण टर्मिनलशीं जोडलेलें असतें. धन तार सोडतांना पाना चुकून धडाला लागला, तर बॅटरीचा सर्व जोर त्या पान्यांतून वाहतो. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन निघतो, आणि या गाडींत तर वायूची टांकीहि होती. म्हणून हें काम उघड्यावर, बॅटरीवर वारा खेळता ठेवून, आणि वायूचा वास येत नाहीं याची खात्री करून करावयाचें. मीटरहि दहा अँपिअरच्या खांचेंत जोडावा, आणि तो जोडलेला असतां कोणींहि सेल्फ मारूं नये. तसें केल्यास मीटरचा फ्यूज तत्क्षणीं जातो.

मीटर जोडतांच आंकडा दोन अँपिअरच्या वर गेला. हें पाहून वाडीवाला दचकला. पण मिस्त्रीनें त्याला चहा प्यावयास बसविलें. बॅटरी पुन्हां जोडली कीं गाडींतील सर्व पेट्या एकदम जाग्या होतात आणि पुन्हां निजण्यास त्यांना वेळ लागतो; कांहीं गाड्यांत दहा मिनिटें, कांहींत अर्ध्या तासाहून अधिक. घाईनें वाचलेला आंकडा निरपराध्याला दोषी ठरवितो. दाराची कळ दाबून बसविली होती, बोनेटखालचा दिवा काढला होता, चावी गाडीपासून दूर ठेवली होती. अर्ध्या तासानें आंकडा ०·३३ अँपिअरवर आला आणि तेथेंच थांबला.

येथें गणित करून पाहण्याजोगें आहे. ०·३३ अँपिअर म्हणजे चोवीस तासांत सुमारें आठ अँपिअर-तास. तीन दिवसांत चोवीस. बॅटरी ३५ ची. उरले अकरा, आणि तेवढ्या उरलेल्या सांठ्यावर सेल्फचा शंभर अँपिअरचा धक्का सोसण्याची शक्ति तिच्यांत राहत नाहीं. हें ‘टक्’ झालें, त्याचा उलगडा या तीन ओळींच्या हिशेबांत आहे.

याच हिशेबानें दुसरेंहि एक कोडें सुटतें. किट एप्रिलमध्यें बसलें, आणि गाडी अडली जुलैमध्यें. त्यामुळें किट बसविणारा म्हणे, “दोन महिने चाललें, तें किट आतां कसें बिघडेल? पावसाचें पाणी कोठें तरी शिरलें असेल.” वाडीवाल्यालाहि तें पटलें होतें. वसईची खारी हवा आणि मिठागरांवरून येणारा दमट वारा तारांच्या जोडांना गंज आणतो, हें खरेंच आहे. परंतु मे आणि जूनमध्यें गाडी रोज दादरला जाऊन येई. दिवसाचे सुमारें एकोणीस तास ती उभी असे, त्यांत सव्वासहा अँपिअर-तास जात, आणि जाऊन येऊन शंभर किलोमीटरांच्या सुमाराच्या प्रवासांत अल्टरनेटर ते भरून काढी. गळती पहिल्या दिवसापासून होती. रोजच्या धांवण्यानें ती झांकली होती. पावसानें गाडी उभी केली आणि झांकण उघडलें. दोष दिसूं लागण्याचा दिवस आणि दोष निर्माण होण्याचा दिवस एकच असतो असें नाहीं.

तरीहि ही अजून शंकाच होती. किटानंतर झालें म्हणून किटामुळें झालें, असें म्हणणें हें पावसाला दोष देण्याइतकेंच कच्चें आहे. पुरावा पाहिजे होता. जर्मन पदार्थविज्ञानवेत्ता गुस्टाफ किर्खहोफ यानें १८४५ सालीं सांगितलेला नियम मिस्त्रीच्या कामीं आला, मग त्याचें नांव त्याला ठाऊक असो वा नसो: एका सांध्यांत जेवढा प्रवाह येतो, तेवढाच त्याच्या फांट्यांतून बाहेर जातो. मग प्रत्येक फांटा तपासावयाचा. फ्यूज उपटून तपासण्याची जुनी रीत आहे. पण फ्यूज काढून पुन्हां बसविला कीं निजलेल्या पेट्या जाग्या होतात आणि आंकडे फसवितात. त्याऐवजीं त्यानें मीटर मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरील दोन उघड्या टोंकांना टेंकविला. ज्या फ्यूजमधून प्रवाह वाहतो, त्याच्या दोन टोंकांत मिलिव्होल्टाच्या कांहीं अंशाचा कां होईना, फरक दिसतो. ज्यांतून वाहत नाहीं, त्यांत शून्य.

पेटींतील सर्व फ्यूज तपासून झाले. सर्वांची बेरीज सुमारें ०·०३ अँपिअर. एकूण मात्र ०·३३. मग उरलेले ०·३० कोठें जात होते? जो प्रवाह फ्यूजच्या पेटींतून जात नाहीं, तो पेटीला वळसा घालून जात असला पाहिजे. पेटीला वळसा घालणारे रस्ते या गाडींत तीन होते: सेल्फची जाड तार, अल्टरनेटरची तार आणि किटाची स्वतंत्र तार. अल्टरनेटरमधील डायोड फुटला तर तो बॅटरीला मागच्या दारानें रिकामी करतो, हें गॅरेजांत परिचित असलेलें दुखणें आहे. म्हणून ऋण टर्मिनल वेगळें करून अल्टरनेटरची तार सोडून पाहिली, आणि गाडी पुन्हां निजल्यावर मोजलें. आंकडा ०·३३ वरच. सेल्फची तार सोडली, तरी तोच. शेवटीं बॅटरीजवळचा किटाचा फ्यूज काढला. आंकडा ०·०३ वर आला.

बहुतेक ठिकाणीं तपास येथें थांबतो. ‘किट खराब आहे’ असा निकाल होतो, किटाची पेटी बदलतात आणि कित्येक हजार रुपये जातात. परंतु फ्यूज फांटा दाखवितो, अपराध दाखवीत नाहीं. किट प्रवाह खात होतें, एवढेंच सिद्ध झालें होतें. तें बिघडल्यामुळें खात होतें, कीं त्याला कोणी निजूं देत नव्हतें म्हणून?

मिस्त्रीनें फ्यूज पुन्हां बसविला आणि चावी काढलेली असतां किटाच्या त्या बारीक तारेवरील, चावीची वर्दी देणाऱ्या तारेवरील, दाब मोजला. तेथें शून्य पाहिजे होतें. मीटरनें १२·५ व्होल्ट दाखविले. किट निर्दोष होतें. त्याला अहोरात्र सांगितलें जात होतें, कीं चावी चालू आहे. आणि तें आज्ञाधारकपणें जागत बसलें होतें. तारेचा माग डॅशबोर्डखालीं काढतां ती रेडिओच्या एका तारेला पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली आढळली. ती तार रेडिओच्या स्मरणशक्तीची, म्हणजे सदैव जिवंत असणारी होती.

ही चूक कशी झाली असावी हें ओळखणें कठीण नाहीं. बसविणाऱ्यानें चावी चालू केली, टेस्टरचा दिवा तारेला लावला, दिवा लागला, आणि त्यानें तीच तार निवडली. चावी बंद केल्यावर तो दिवा विझतो कीं नाहीं, हें पाहण्याचें राहून गेलें. अर्धा प्रश्न विचारला गेला आणि त्याचें उत्तर पूर्ण समजलें गेलें. त्यांत फसवणूक नव्हती, घाई होती. आणखी एक गोष्ट निघाली. पेट्रोल-वायू बदलण्याच्या कळीवरील लहानसा दिवा चावी काढल्यावरहि जळत असे, आणि वाडीवाल्यानें तो अनेक रात्रीं पाहिला होता. किट चालू असल्याची ती शुभ खूण आहे, अशी त्याची समजूत होती. उत्तर तीन महिने त्याच्या डोळ्यांपुढें होतें. प्रश्न मात्र कोणी केला नव्हता.

दुरुस्ति अर्ध्या तासाची निघाली. बारीक तार चावीवर चालणाऱ्या तारेवर हलविली. आणि या वेळीं चावीच्या तिन्ही स्थितींत तपास झाला. चावी बंद असतां तार मृत. चालू असतां जिवंत. आणि सेल्फ मारतांनाहि जिवंतच. ही तिसरी परीक्षा विसरून चालत नाहीं, कारण कांहीं तारा सेल्फ मारतांना क्षणभर मृत होतात आणि त्यांवर बसविलेलें किट ऐन वेळीं चक्रावतें. जोड पिळून न सोडतां तो डांख लावून, वर उष्णतेनें आंवळणारी नळी चढवून पक्का केला, आणि पाणी ओघळून त्यांत शिरणार नाहीं असा तारेला खालीं झोल दिला. फ्यूज बसवून अर्ध्या तासानें मोजलें: ०·०४ अँपिअर. व्हॅन मुद्दाम तीन दिवस उभी ठेवली. चौथ्या पहांटे ती पहिल्या फिरकींत सुरू झाली. या शेवटच्या परीक्षेशिवाय दुरुस्ति पुरी झाली असें म्हणतां येत नाहीं, कारण जो दोष तिसऱ्या दिवशीं दिसतो, तो पहिल्या दिवशीं गेला असें कोणीं ठरवावें?

या तपासांत कित्येकांना सुचणारी एक पळवाट आहे: रोज रात्रीं बॅटरीची तार सोडून ठेवणें. अडचणीच्या वेळीं ती वापरावी. परंतु तो इलाज नव्हे. इंजिनाच्या मेंदूनें शिकून ठेवलेलीं अनेक परिमाणें त्यामुळें पुसलीं जाऊं शकतात, आणि मूळ दोष तसाच राहतो. तो दोष याहून घातक असूं शकतो. तार चुकीच्या ठिकाणीं जोडली तर बॅटरी उतरते. तीच तार फ्यूजशिवाय जोडली आणि धडाला घासली, तर आग लागते. ज्या गाडींत सुमारें २०० बार दाबाचा वायू भरलेला आहे, तेथें तारांचा जोड हा किरकोळ विषय समजतां येत नाहीं. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें वायूचें किट मान्यताप्राप्त असावें लागतें आणि हा बदल गाडीच्या नोंदणीपुस्तकांत चढवावा लागतो. टांकीची दाबपरीक्षा दर तीन वर्षांनीं करून घ्यावी लागते. मान्यताप्राप्त ठिकाणीं काम करून घेतल्यानें चूक अशक्य होत नाहीं. पण चुकीला जबाबदार धनी राहतो, आणि जोडणीचा नकाशा मागतां येतो. तो नकाशा प्रत्येकानें मागून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा.

सी.एन.जी. हें एक उदाहरण झालें. चोरीची सूचना देणारी घंटा, गाडीचा ठावठिकाणा कळविणारी पेटी, नवा रेडिओ, मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा, इंजिनाची शक्ति वाढविणारा नियंत्रक, यांतील कोणतीहि वस्तू गाडींत आली कीं ती दोन प्रश्न बरोबर आणते: तिला अन्न कोठून मिळतें, आणि तिला निजावयास कोण सांगतें? गृहस्थानें काम करून घेतांना एवढे दोन प्रश्न विचारले, आणि गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं चावी काढून अर्ध्या तासानंतरचा प्रवाह मोजून दाखविण्याचा आग्रह धरला, तर बरेंच पुढचें दुःख टळेल. मीटर फार महाग नाहीं. अर्धा तासहि मोठा नाहीं. एप्रिलमध्यें हा आंकडा मोजला गेला असता, तर जुलैमध्यें टोपल्या परतल्या नसत्या.

वाडीवाल्याची जुनी बॅटरी दुकानदाराच्या ढिगांत केव्हांच गेली होती. बहुधा तीहि धड होती. खोल उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवरील सल्फेट कठीण होतें आणि ती खरोखरच निकामी होते; वेळीं चार्ज केली असती तर ती आणखी एखादें वर्ष चालली असती. तो तोटा भरून निघण्याजोगा नव्हता. पण आतां पहांटे तीन वाजतां अंगणांत चावी फिरते तेव्हां त्या घरांत कोणी श्वास रोखून ऐकत नाहीं. चावी काढल्यावर कळीवरचा तो लहान दिवा विझतो. घरांतील माणसें झोंपावयास जातात, आणि गाडीहि झोंपते.